इलेक्ट्रिक कार घेण्याआधी: अनुदान किती मिळेल, आणि कोणता लाभ बंद होईल?

इलेक्ट्रिक कार घेतली तर सरकार किती अनुदान देते, हा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो. पेट्रोलचा लिटरचा भाव शंभराच्या पुढे आहे, कामाची जागा लांब आहे, घरात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले आहेत. अशा वेळी ‘चार्जिंगवर चालणारी, सरकारी सूट मिळणारी’ कार हा मार्ग बरा वाटणे साहजिक आहे.

उत्तर आधीच सांगतो. खासगी वापराच्या इलेक्ट्रिक कारवर केंद्र सरकार आज थेट अनुदान देत नाही. कर कमी आहेत, काही राज्ये पुढची सवलत देतात, त्याची माहिती खाली आहे. पण तुम्ही रेशन, घरकुल किंवा महिलांसाठीच्या मासिक मदतीच्या योजनेचे लाभार्थी असाल, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: कार दारात आली की यातला कोणता लाभ बंद होईल? शोरूममध्ये याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. जाहिरातीत तर नाहीच.

‘सूट’ या एका शब्दात किती गोष्टी?

बातम्यांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये ‘इलेक्ट्रिक गाडीवर लाखाची सूट’ असे सरसकट लिहिलेले असते. मराठीत आपण अनुदानालाही सूट म्हणतो, करमाफीलाही आणि दुकानदाराने कमी केलेल्या किमतीलाही. या पानांसाठी मजकूर मराठीत आणताना मला हा शब्द दर वेळी सोडवून पाहावा लागतो, कारण मूळ कागदात त्या तीन वेगळ्या गोष्टी असतात. अनुदान म्हणजे गाडीच्या किमतीतला काही भाग सरकार भरते. करमाफी म्हणजे जो कर तुम्ही भरला असता तो भरावा लागत नाही. सवलत म्हणजे कंपनीने किंवा विक्रेत्याने स्वतःहून कमी केलेली किंमत, तिच्याशी सरकारचा संबंध नाही. विक्रेता ‘सरकारी सूट’ म्हणाला, तर ती या तिघांपैकी कोणती आणि कोणत्या शासन निर्णयानुसार, हे कोटेशनवर लिहून मागा.

केंद्राच्या अनुदानाचा प्रवास थोडक्यात असा. फेम-२ ही योजना १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ या काळात चालली. तिच्यात इलेक्ट्रिक कारला अनुदान होते, पण ते टॅक्सीसारख्या व्यावसायिक नोंदणीच्या कारलाच. घरच्या वापराच्या कारला तेव्हाही नव्हते. १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह योजना सुरू झाली. तिचा एकूण निधी १०,९०० कोटी रुपये. हा पैसा इलेक्ट्रिक दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक, बस आणि चार्जिंग केंद्रांसाठी आहे. कार या यादीत नाही, टॅक्सीसुद्धा नाही. कारवाल्यांना या योजनेचा फायदा होतो तो आडून: चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेले आहेत आणि त्यातून चारचाकींसाठी २२,१०० जलद चार्जर उभारायचे ठरले आहे.

आयकरातही पूर्वी एक सोय होती. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरील व्याजाच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर कलम ८०ईईबी खाली वजावट मिळायची. पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. आज कर्ज घेणाऱ्याला ती मिळत नाही. एखादा एजंट अजूनही ही वजावट धरून हिशेब मांडत असेल, तर त्याचे बाकीचे आकडेही तपासून घ्या.

आता जे खरोखर मिळते ते. इलेक्ट्रिक वाहनांवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क केंद्राने २०२१ मध्ये माफ केले. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के कपात आहे. मात्र इथे एक बदल लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल कारवरचा कर २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे लहान पेट्रोल कार आणि इलेक्ट्रिक कार यांच्या करातले अंतर पूर्वी २४ टक्क्यांचे होते, ते आता १३ टक्क्यांचे आहे. त्या तारखेआधीचे तुलनेचे लेख आणि व्हिडिओ इंटरनेटवर अजून फिरत आहेत. त्यांतल्या पेट्रोल कारच्या किमती आता जुन्या झाल्या आहेत.

राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि वरचेवर बदलतात. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मोटार वाहन करातून माफी आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला पूर्ण टोलमाफी आहे. खासगी कारच्या मूळ किमतीवर १० टक्के प्रोत्साहनाचीही तरतूद आहे, पण तिला रकमेची आणि गाड्यांच्या संख्येची मर्यादा आहे. धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. करमाफीची किंमत लहान नाही: महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के कर लागतो, म्हणजे आठ लाखांच्या कारवर ८८,००० रुपये. तेलंगणात १८ नोव्हेंबर २०२४ पासून रस्ता कर आणि नोंदणी शुल्क माफ केले गेले, मुदत ३१ डिसेंबर २०२६. केरळने उलट दिशा धरली. तिथे २०२५ च्या अर्थसंकल्पात इलेक्ट्रिक कारवरचा कर किमतीनुसार वाढवला गेला.

संख्येच्या मर्यादेचा अनुभव दिल्लीकरांना आहे. तिथल्या २०२० च्या धोरणात कारला कमाल दीड लाख रुपये अनुदान होते, पण ते पहिल्या १,००० कारपुरतेच. २०२१ मध्ये ती संख्या भरली आणि पुढच्यांना करमाफीवरच समाधान मानावे लागले. म्हणून ‘धोरणात आहे’ आणि ‘मला मिळेल’ यांत फरक करा. प्रोत्साहनाची रक्कम कोटेशनमध्ये आधीच वजा करून दाखवली आहे की नंतर मिळेल असे तोंडी सांगितले आहे, हे पाहा. तोंडी सांगितलेली रक्कम हिशेबात धरू नका.

चारचाकी ती चारचाकीच

आता लाभार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग.

बहुतेक कल्याणकारी योजनांच्या अपात्रतेच्या निकषांत ‘चारचाकी वाहन’ असे शब्द असतात. ते वाहन पेट्रोलवर चालते की विजेवर, याचा उल्लेख नसतो. गाडीला हिरवी नंबर प्लेट आहे म्हणून अटीतून सुटका होत नाही. एक सरकारी धोरण इलेक्ट्रिक कार घ्यायला प्रोत्साहन देते आणि दुसरी सरकारी योजना तीच कार पाहून तुमचे नाव वगळते. यात विसंगती वाटते खरी, पण दोन्ही कागद आपापल्या जागी लागू आहेत आणि आज तरी एक दुसऱ्याला सूट देत नाही.

महाराष्ट्रातील ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना घ्या. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबातील सदस्याच्या नावावर ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन नोंदलेले असेल, तर ती महिला अपात्र ठरते. २०२५ च्या सुरुवातीला परिवहन विभागाच्या नोंदींवरून याद्या तयार झाल्या आणि अंगणवाडी सेविकांनी घरोघरी पडताळणी केली. म्हणजे माहिती तुम्ही सांगण्यावर अवलंबून नाही. आरटीओत नोंद झाली की ती सरकारकडे आहेच. मध्य प्रदेशची लाडली बहना, ओडिशाची सुभद्रा आणि तामिळनाडूची महिला हक्क निधी योजना यांतही चारचाकीची अट आहे. इंदूर किंवा चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपापल्या राज्याचा निकष त्या राज्याच्या कागदात वाचावा, महाराष्ट्राचा नियम तिथे लावू नये. ट्रॅक्टर आणि लहान मालवाहू वाहनांचे अपवाद राज्याराज्यांत निरनिराळे आहेत.

रेशनचेही तसेच. महाराष्ट्रात केशरी कार्डासाठी कुटुंबातील कोणाकडेही चारचाकी यांत्रिक वाहन नसावे अशी अट आहे, त्यातून टॅक्सीचालकांना वगळले आहे. दिल्लीतही उपजीविकेसाठीच्या एका व्यावसायिक वाहनाचा अपवाद ठेवून चारचाकीधारक कुटुंबांना अन्नसुरक्षेच्या यादीबाहेर ठेवले आहे. म्हणजे पिवळ्या-हिरव्या व्यावसायिक प्लेटची गाडी आणि घरच्या वापराची गाडी यांत इथे फरक पडतो.

घरकुलाची अट आणखी कडक आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये इंजिनाची किंवा मोटारीची तीनचाकी अथवा चारचाकी असलेले कुटुंब वगळले जाते. २०२४ मध्ये निकष सैल करताना दुचाकीची अट काढली, तीनचाकी-चारचाकीची ठेवली. सपाट प्रदेशात घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. तुमचे नाव यादीत असेल आणि मंजुरी यायची असेल, तर त्याआधी गाडी घेणे म्हणजे हातातली मोठी रक्कम सोडणे.

‘कार मुलाच्या नावावर घेऊ, मग आईचा लाभ चालू राहील’ असे अनेक जण सुचवतात. हे प्रत्येक योजनेच्या ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येवर ठरते. लाडकी बहीण योजनेत पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली म्हणजे कुटुंब. अविवाहित मुलाच्या नावावरची कार त्यात मोजली जाते. रेशनमध्ये कार्डावर नावे असलेले सगळे एक कुटुंब. त्यामुळे एकाच घरात एका योजनेचा लाभ टिकतो आणि दुसऱ्याचा जातो असेही होऊ शकते. केवळ कारसाठी कागदोपत्री कार्ड वेगळे करण्याचा सल्ला कोणी दिला, तर लक्षात ठेवा की कार्ड विभक्त करताना स्वतंत्र राहत असल्याचे घोषणापत्र तुमच्या सहीने जाते.

सगळेच लाभ जातात असे मात्र नाही. पीएम-किसानमध्ये कार असणे हा अपात्रतेचा निकष नाही, आयकर भरणे हा आहे. सत्तर वर्षांवरील नागरिकांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्न न पाहता मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवली आहे. घराच्या छपरावर सौरऊर्जा बसवण्याच्या पीएम सूर्यघर योजनेलाही उत्पन्नाची अट नाही. शोरूममध्ये जाण्याआधी एका कागदावर घरात येणारा प्रत्येक लाभ लिहा आणि त्यापुढे चारचाकीची अट आहे की नाही ते लिहा. अट सापडत नसेल तर ग्रामपंचायत, तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा किंवा अंगणवाडी सेविका यांना विचारा.

बँकेला दाखवलेले उत्पन्न

कार रोखीने घेणारे थोडे. कर्ज मागितले की बँक उत्पन्नाचा पुरावा मागते. इथे अडचण सुरू होते. महाराष्ट्रात अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. लाडकी बहीण योजनेला ती अडीच लाख आहे. सात लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ११,४०० रुपये येतो, म्हणजे वर्षाला १ लाख ३७ हजार. अडीच लाखांच्या कुटुंबाचे निम्म्याहून जास्त उत्पन्न हप्त्यातच गेले. बँक असे कर्ज देणार नाही, किंवा जास्त उत्पन्न दाखवणारे विवरणपत्र मागेल.

मग एका घराचे दोन कागद होतात: तहसीलदारांच्या दाखल्यावर एक उत्पन्न, बँकेच्या फाइलीत दुसरे. कर्ज जमवून देणारा एजंट ‘विवरणपत्र भरून टाकू, काही होत नाही’ म्हणतो. त्याला कमिशन मिळते आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. पॅन आणि आधार जोडलेले असल्यामुळे ते विवरणपत्र तुमच्या नावावर राहते. खरे उत्पन्न वाढले असेल तर ते खरेच दाखवा आणि जो लाभ त्यामुळे सुटतो तो सुटू द्या. पण न कमावलेले उत्पन्न कागदावर दाखवून कार घेऊ नका.

बचत कोणाच्या तुलनेत?

इलेक्ट्रिक कारची बचत नेहमी पेट्रोल कारशी तुलना करून सांगितली जाते. ज्याच्या दारात आज पेट्रोल कार आहे त्याच्यासाठी ही तुलना बरोबर आहे. पण तुम्ही आज मोटारसायकलवर, बसने किंवा लोकलने जात असाल, तर ही बचत तुमची नव्हेच.

एक उदाहरण मांडू. समजा पिंपरीहून चाकणला कामाला जाणारा माणूस रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर जातो, महिन्याला २५ दिवस. म्हणजे १,१०० किलोमीटर. लहान इलेक्ट्रिक कार साधारण एका युनिटला ७ किलोमीटर जाते असे धरा. (बॅटरीची क्षमता ज्या किलोवॅट-तासात सांगतात, तो एक किलोवॅट-तास म्हणजेच तुमच्या वीजबिलावरचे एक युनिट.) १,१०० किलोमीटरला १५७ युनिट लागतील. कर आणि वहन आकार धरून युनिटला १२ रुपये मोजले, तर खर्च १,८८६ रुपये. लिटरला १६ किलोमीटर जाणारी पेट्रोल कार १०४ रुपये दराने ७,१५० रुपये खाईल. फरक सव्वापाच हजारांचा. चांगला आहे.

पण तोच माणूस आज लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल चालवत असेल, तर त्याचा पेट्रोलचा खर्च २,२८८ रुपये आहे. इलेक्ट्रिक कारने त्याचे महिन्याला चारशे रुपये वाचतील आणि ११,४०० रुपयांचा हप्ता सुरू होईल. विमा वेगळा. त्यात घरातील महिलेचे १,५०० रुपये गेले आणि पाच माणसांचे महिन्याचे २५ किलो मोफत धान्य गेले, तर ते धान्य बाजारातून आणण्याचा खर्चही यात मिळवा. कार म्हणून सोय मोठी आहे, पावसात मुलांना भिजावे लागत नाही, आईला दवाखान्यात नेता येते. त्या सोयीसाठी पैसे मोजायचे असतील तर अवश्य मोजावेत. फक्त त्याला बचत म्हणू नये.

बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्याय याच ठिकाणी फसवतो. एमजी विंडसर ही कार सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीशिवाय किंमत ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीभाडे असा तिचा एक पर्याय होता. किंमत कमी दिसते. पण वरच्या १,१०० किलोमीटरला ३,८५० रुपये भाडे, अधिक वीज १,८८६, म्हणजे ५,७३६ रुपये. पेट्रोल कारच्या तुलनेत बचत चौदाशेवर आली. असा करार करताना महिन्याला किमान किती किलोमीटरचे भाडे द्यावेच लागेल आणि हप्ता थकला तर बॅटरी बंद होते का, हे विचारून घ्या.

मोफत विजेची मर्यादा

वरचे १५७ युनिट कुठून येणार, हाही लाभाचाच प्रश्न आहे. दिल्लीत २०० युनिटपर्यंत बिल शून्य येते. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेतही मर्यादा २०० युनिटची आहे, ती ओलांडली की पूर्ण बिल भरावे लागते. बेळगाव किंवा निपाणीच्या घरात आज १२० युनिट लागत असतील आणि कार घरच्या मीटरवर चार्ज केली, तर आकडा २७७ होतो आणि मोफत वीज जाते. महाराष्ट्रात १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर दर चढतो, त्यामुळे चार्जिंगचे युनिट वरच्या दरात पडतात.

यावर एक उपाय नियमांतच आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल केला. त्यानुसार इलेक्ट्रिक वाहन चार्ज करण्यासाठी तुम्ही वेगळी वीजजोडणी मागू शकता. नव्या जोडणीची मुदतही ठरवली आहे: महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस. वेगळ्या मीटरमुळे घरची मोफत किंवा कमी दराची वीज शाबूत राहते. छप्पर स्वतःचे असेल तर सूर्यघर योजनेचाही विचार करा. एक किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. अनुदान एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये आहे.

जागा नसेल तर मात्र थांबा. चाळीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत किंवा भाड्याच्या खोलीत गाडी रात्री कुठे लागणार आणि तार कुठून येणार, याचे उत्तर आधी हवे. तिसऱ्या मजल्यावरून साधी वायर खाली सोडून आठ-आठ तास गाडी चार्ज करणे धोक्याचे आहे. १६ अँपिअरचा पक्का सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतेच. फक्त सार्वजनिक जलद चार्जरवर भिस्त ठेवली, तर तिथला युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. मग किलोमीटरचा खर्च जवळपास दुप्पट धरा.

तरीही घ्यायची ठरली तर

तुमचे उत्पन्न वाढले आहे, कोणता लाभ जाणार हे माहीत आहे, चार्जिंगची जागा आहे, तर इलेक्ट्रिक कार रोजच्या जाण्या-येण्याला उत्तम आहे. बॅटरी किती मोठी घ्यावी, याचा सोपा हिशेब आहे. बॅटरीच्या युनिटला ७ ने गुणा. २४ युनिटची बॅटरी म्हणजे सुमारे १७० किलोमीटर. जाहिरातीत यापेक्षा बराच मोठा आकडा असतो, तो चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला असतो. घाट, एसी आणि पाच माणसे बसली की तो खाली येतो. रोजचे अंतर ५० किलोमीटर असेल तर २४ युनिटची टियागो ईव्हीसारखी लहान कार भरपूर झाली, तीन दिवसांनी एकदा चार्ज करा. वर्षातून दोनदा गावी जायचे म्हणून दुप्पट बॅटरीचे पैसे भरणे मला पटत नाही. गावी एसटी आहे, रेल्वे आहे. घरात सहा-सात माणसे असतील तर छोट्या कारमध्ये ती कोंबणे हे विम्याच्या दृष्टीनेही चूक, आणि मागे सामानाला जागा उरत नाही हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून शोरूममध्ये एकट्याने जाऊ नका, घरच्यांना घेऊन जा. आजी गाडीत चढते-उतरते कशी ते पाहा. सुरक्षेसाठी भारत एनकॅपचे तारे विचारा. २०२४ मध्ये टाटाच्या पंच आणि नेक्सॉन या इलेक्ट्रिक कारना पाच तारे मिळाले होते.

बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. जुनी कार घेणाऱ्याने ती हमी दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे लेखी घ्यावे. जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी योजनांच्या दृष्टीने ती चारचाकीच असते, तिच्या वयाला माफी नाही.

आणि कार हेच उत्तर आहे का, हेही एकदा पाहा. एकट्याच्या कामाच्या प्रवासाला इलेक्ट्रिक दुचाकी पुरत असेल, तर वर सांगितलेल्या चारचाकीच्या अटी तिला लागत नाहीत. पीएम ई-ड्राइव्हमध्ये २०२५-२६ साठी दुचाकीला प्रति युनिट २,५०० आणि कमाल ५,००० रुपये अनुदान ठरले होते. मूळ मुदत ३१ मार्च २०२६ ची होती, म्हणून खरेदीच्या दिवशी ते चालू आहे का ते विक्रेत्याकडून बिलावर दाखवून घ्या. गाडीतून कमाई करायची असेल तर गोष्ट वेगळी. मुद्रा कर्ज प्रवासी वाहनासाठी मिळते: शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. महाराष्ट्रात महिलांसाठीच्या पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीच्या २० टक्के राज्य देते, १० टक्के स्वतः भरायचे आणि ७० टक्के बँक कर्ज. पण ई-रिक्षा तीनचाकी आहे आणि ग्रामीण घरकुलाच्या निकषात तीनचाकीही मोजली जाते, हे अर्ज करण्याआधी लक्षात घ्या.

शेवटची गोष्ट गाडी विकणाऱ्यांसाठी. कार विकली, पैसे मिळाले, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर सरकारी नोंदीत ती तुमचीच राहते आणि पडताळणीत लाभ अडतो. विक्रीच्या वेळी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून हस्तांतरण पूर्ण करा. काही आठवड्यांनी परिवहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव बदलले का ते तपासा, त्या पानाची प्रत काढून ठेवा. लाभ बंद झाला असेल, तर पुन्हा अर्ज करताना किंवा तक्रार नोंदवताना तीच प्रत जोडायची असते.